न्यूट गिंग्रिच : रिकाम्या सभागृहापासून सभापतिपदापर्यंत आणि पुढे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात कायम अल्पमतात असलेल्या पक्षाचा, मागच्या बाकावरचा एक पुराणमतवादी सदस्य केवळ प्रसारमाध्यमांच्या बळावर सोळा वर्षांत सभापती कसा झाला. तेच तंत्र त्याला त्या पदावर चार वर्षांपलीकडे का टिकवू शकले नाही. आणि आपण ज्या तरुण आमदारांच्या कार्यालयात काम करता, त्यांनी यातले काय घ्यावे आणि काय टाळावे. लोकप्रतिनिधींची भाषणे, निवेदने आणि पत्रकार परिषदा यांची तयारी करून देण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली आहेत, आणि गिंग्रिच यांच्या कारकिर्दीचा अभ्यास मी त्याच कामाची गरज म्हणून केला. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम आपल्या प्रश्नातला 'केवळ' हा शब्द बाजूला ठेवावा लागेल. कॅमेरा हा गिंग्रिच यांच्या यशाचा दुसरा टप्पा होता. पहिला टप्पा होता सभागृहाच्या नियमावलीत कोणीही गांभीर्याने न घेतलेला वेळ शोधून काढण्याचा. ज्यांनी फक्त त्यांची आक्रमक भाषा उचलली, त्यांच्या हाती गदारोळापलीकडे फारसे काही लागले नाही, याचे कारण इथे आहे.

गिंग्रिच यांचा जन्म १९४३ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्गचा. सावत्र वडील लष्करात अधिकारी होते, त्यामुळे लहानपण फ्रान्स, जर्मनी आणि जॉर्जियातल्या लष्करी वसाहतींत गेले. इतिहासात डॉक्टरेट मिळवून ते जॉर्जियातल्या कॅरोल्टन येथील वेस्ट जॉर्जिया कॉलेजात शिकवू लागले. १९७४ मध्ये जॅक फ्लिंट या मुरलेल्या डेमोक्रॅटविरुद्ध त्यांनी पहिली निवडणूक लढवली. ते वॉटरगेट प्रकरणाचे वर्ष होते, रिपब्लिकन पक्षाची पत पार गेली होती, आणि ते हरले. १९७६ मध्ये जॉर्जियाचेच जिमी कार्टर डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार असल्यामुळे त्या लाटेत ते पुन्हा हरले. १९७८ मध्ये फ्लिंट निवृत्त झाले आणि गिंग्रिच निवडून आले. त्याच वर्षी प्रचारादरम्यान अटलांटात पक्षाच्या विद्यार्थी कार्यकर्त्यांपुढे बोलताना, आपला पक्ष तरुणांना सभ्य आणि आज्ञाधारक राहायला शिकवतो, लढायला शिकवत नाही, अशी तक्रार त्यांनी केली होती. पुढची वीस वर्षे त्यांनी जे केले, त्याचा आराखडा त्या भाषणात स्पष्ट दिसतो.

ते ज्या सभागृहात आले तिथली स्थिती लक्षात घ्या. ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्ष १९५५ पासून सलग अल्पमतात होता. पक्षाच्या ज्येष्ठांनी ती स्थिती कायमची म्हणून मनोमन स्वीकारलेली होती. समित्यांमध्ये डेमोक्रॅट अध्यक्षांशी जमवून घ्यावे, आपल्या मतदारसंघासाठी एखादी दुरुस्ती पदरात पाडून घ्यावी आणि संध्याकाळी सर्वांशी स्नेह राखावा, हा त्यांचा रिवाज. पुढे १९८१ पासून नेते झालेले रॉबर्ट मिशेल याच पठडीतले, सरळ आणि सज्जन गृहस्थ. गिंग्रिच यांचे म्हणणे असे होते की, जोपर्यंत आपण कायदे थोडेथोडे सुधारून देण्यात समाधान मानतो, तोपर्यंत मतदाराला सत्ताबदलाचे कारणच मिळत नाही. आपल्या पहिल्याच वर्षी त्यांनी चार्ल्स डिग्ज या न्यायालयात दोषी ठरलेल्या डेमोक्रॅट सदस्याच्या हकालपट्टीची मागणी लावून धरली. हकालपट्टी झाली नाही, पण सभागृहाला डिग्ज यांच्या निंदेचा ठराव करावा लागला. नव्या सदस्याने असे करायचे नसते, हा संकेत त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच मोडला.

त्याच सुमारास, १९ मार्च १९७९ रोजी, सी-स्पॅन ही केबल वाहिनी सुरू झाली. केबल व्यावसायिकांनी ना-नफा तत्त्वावर चालवलेल्या या वाहिनीवर प्रतिनिधिगृहाचे कामकाज पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, कोणत्याही निवेदकाच्या टिप्पणीविना, दिसू लागले. कॅमेरे मात्र वाहिनीचे नव्हते. ते सभागृहाचे होते आणि सभापती टिप ओनील यांच्या अखत्यारीत होते. ओनील यांचा नियम असा की, कॅमेऱ्याने फक्त बोलणाऱ्या सदस्यावर रोखून राहायचे. डुलकी घेणारा, वर्तमानपत्र वाचणारा सदस्य किंवा ओस पडलेली बाके दाखवायची नाहीत. सभागृहाची प्रतिष्ठा जपण्यासाठी केलेला हा नियमच पुढे ओनील यांच्या अंगाशी आला.

प्रतिनिधिगृहात दिवसाच्या आरंभी एका मिनिटाची भाषणे करता येतात आणि वैधानिक कामकाज आटोपल्यानंतर 'विशेष आदेश' या नावाखाली एखाद्या सदस्याला अगोदर वेळ मागून तासभरही बोलता येते. त्या वेळी मतदान नसते, म्हणून सदस्य घरी गेलेले असतात. वर्षानुवर्षे या वेळाचा उपयोग दिवंगतांना श्रद्धांजली वाहण्यासाठी किंवा मतदारसंघातल्या एखाद्या संस्थेचे कौतुक नोंदवण्यासाठी होत असे. गिंग्रिच, पेनसिल्व्हेनियाचे बॉब वॉकर आणि मिनेसोटाचे विन वेबर यांनी हा वेळ नियमितपणे मागायला सुरुवात केली. पक्षनेत्याकडून वेळ वाटून घ्यावा लागत नव्हता, अध्यक्ष घंटा वाजवत नव्हते, समोर खोडून काढायला कोणी नव्हते आणि पलीकडे लाखो घरांत दूरचित्रवाणी संच सुरू होते. ज्या वेळी मुख्य वाहिन्यांवर एखाद्या मागच्या बाकावरच्या सदस्याला वीस सेकंद मिळणेही दुरापास्त होते, त्या वेळी या मंडळींना दर आठवड्याला तासच्या तास मिळू लागले. प्रेक्षक संख्येने थोडा असला तरी तो राजकारणात रस असलेला, पत्रे लिहिणारा, देणगी देणारा आणि स्थानिक पक्षशाखेत जाणारा होता. गिंग्रिच यांना नेमका तोच हवा होता.

मे १९८४ चा प्रसंग तपशिलाने पाहण्यासारखा आहे. ८ मे रोजी गिंग्रिच आणि वॉकर यांनी अशाच विशेष वेळात डेमोक्रॅट सदस्यांची परराष्ट्र धोरणावरची जुनी विधाने नावानिशी वाचून दाखवली आणि कम्युनिझमबाबत हे सदस्य भाबडे किंवा आंधळे आहेत असा सूर लावला. ज्यांची नावे घेतली त्यांत ओनील यांचे जुने स्नेही एडवर्ड बोलंड हेही होते. वक्ता मधेच थांबे, जणू कोणी उत्तर देईल म्हणून. उत्तर येत नसे, कारण सभागृहात कोणी नव्हतेच. पण घरबसल्या पाहणाऱ्याला एवढेच दिसे की आरोप झाला आणि समोरचे गप्प बसले. १० मे रोजी वॉकर बोलत असताना ओनील यांनी पूर्वसूचना न देता कॅमेरा सभागृहभर फिरवण्याचा आदेश दिला. पडद्यावर एकापाठोपाठ एक रिकाम्या रांगा सरकू लागल्या आणि त्यांच्यापुढे हातवारे करीत तावातावाने बोलणारे एकटे वॉकर दिसू लागले. वॉकर यांना बोलता बोलताच हे कळले आणि त्यांनी तिथेच निषेध नोंदवला.

खरे तर इथे ओनील यांची बाजू भक्कम होती, कारण प्रेक्षकांची दिशाभूल होत होती आणि त्यांनी वस्तुस्थिती उघड केली होती. परंतु नियम त्यांचा, आणि तो त्यांनीच न सांगता मोडला होता. १५ मे रोजी गिंग्रिच विशेषाधिकाराच्या मुद्द्यावर उभे राहिले, या वेळी भरलेल्या सभागृहात. ओनील संतापून आसनावरून खाली उतरले आणि सदस्य म्हणून बोलू लागले. रिकाम्या सभागृहासमोर उभे राहून तुम्ही या लोकांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली, आणि काँग्रेसमधल्या माझ्या ३२ वर्षांत मी पाहिलेली ही सर्वांत हीन गोष्ट आहे, असे ते म्हणाले. रिपब्लिकन प्रतोद ट्रेंट लॉट यांनी तत्काळ आक्षेप घेतला. व्यक्तिगत निंदेचे शब्द सभागृहाच्या नियमात बसत नाहीत. आसनावर तात्पुरते बसलेले जो मोकली हे ओनील यांचेच बॉस्टनचे सहकारी, पण नियम पाहून त्यांना सभापतींचे शब्द आक्षेपार्ह ठरवावे लागले. त्या रात्री तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या बातम्यांत हे दृश्य होते. पाच वर्षांपूर्वी निवडून आलेला, ज्याच्या नावावर एकही मोठा कायदा नाही असा सदस्य आणि देशातला सर्वांत बलाढ्य डेमोक्रॅट एकाच चौकटीत समोरासमोर आले होते.

या प्रसंगाचे व्यावसायिक मर्म मला असे वाटते. गिंग्रिच यांनी आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसाला उत्तर देण्यास भाग पाडले, आणि उत्तर देताच तो माणूस त्यांच्या पातळीवर आला. बातमी संघर्षाची होते, हे त्यांनी ओळखले होते आणि ते पत्रकारांना उघडपणे सांगतही असत. पण अनुपस्थित सहकाऱ्यांच्या देशनिष्ठेवर, त्यांना उत्तर देता येऊ नये अशी वेळ साधून, संशय निर्माण करणे हे मला तेव्हाच्या कामकाजातले सर्वांत वाईट उदाहरण वाटते. हे तंत्र यशस्वी झाले म्हणून ते योग्य ठरत नाही, आणि आपल्या आमदारांना हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

कॅमेऱ्यासमोर बोलणारे तिघे एवढ्यावर हे राहिले नाही. १९८२ मध्ये गिंग्रिच माजी अध्यक्ष निक्सन यांना भेटले होते. एकट्याने काही होणार नाही, गट बांधा, असा सल्ला त्यांना मिळाला, आणि १९८३ मध्ये 'कॉन्झर्वेटिव्ह ऑपॉर्च्युनिटी सोसायटी' हा गट उभा राहिला. पक्षातले मवाळ सदस्य सुरुवातीला या मंडळींपासून अंतर राखून होते. त्यांना गिंग्रिच यांच्याकडे ढकलण्याचे काम बऱ्याच अंशी डेमोक्रॅटांनीच केले. इंडियानाच्या आठव्या मतदारसंघात १९८४ ची निवडणूक अटीतटीची झाली. राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला विजयी घोषित केले होते, पण बहुमतातल्या डेमोक्रॅटांनी सभागृहातर्फे फेरमोजणी करवून आपल्या उमेदवाराला चार मतांनी विजयी ठरवले. मे १९८५ मध्ये त्याचा शपथविधी होताच रिपब्लिकन सदस्य सभात्याग करून बाहेर पडले, आणि त्यात वर्षानुवर्षे सौम्य राहिलेले सदस्यही होते. सत्ताधाऱ्यांच्या मनमानीचे असे ठसठशीत उदाहरण पाठीशी नसते, तर गिंग्रिच यांचे आरोप कंठशोष ठरले असते.

पुढचा मोठा टप्पा सभापती जिम राइट यांच्या प्रकरणाचा. राइट यांच्या भाषणांचे एक छोटे पुस्तक एका मित्राच्या छापखान्यातून निघाले होते, त्यावर त्यांना ५५ टक्के इतके अवाढव्य मानधन मिळत होते, आणि हितसंबंधी मंडळी त्याच्या प्रती गठ्ठ्याने विकत घेत होती. गिंग्रिच यांनी मे १९८८ मध्ये नीतिसमितीकडे तक्रार केली, पण त्याआधी कित्येक महिने ते एक काम चिकाटीने करीत होते. राइट यांच्याबद्दल कोणत्याही गावच्या वर्तमानपत्रात काही छापून आले की त्याचे कात्रण ते फायलीत लावत, दौऱ्यावर जिथे जात तिथल्या संपादकांच्या हाती ती फाइल देत आणि तिथे नवी बातमी आली की तीही जोडत. मोठी दैनिके छोट्या दैनिकांतल्या बातम्यांची दखल घेतात आणि वाहिन्या मोठ्या दैनिकांची, ही उतरंड त्यांनी खालून वर चढवली. 'कॉमन कॉज' या कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेल्या संघटनेनेही चौकशीची मागणी केल्यावर प्रकरणाला वजन आले. एप्रिल १९८९ मध्ये समितीने नियमभंगाच्या ६९ बाबींत प्रथमदर्शनी तथ्य असल्याचे म्हटले आणि मे महिन्याच्या अखेरीस राइट यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

याच दरम्यान, मार्च १९८९ मध्ये, डिक चेनी संरक्षणमंत्री झाल्यामुळे रिकामे झालेले प्रतोदपद गिंग्रिच यांनी ८७ विरुद्ध ८५ अशा दोन मतांनी मिळवले. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले एड मॅडिगन यांना पक्षनेते मिशेल यांचा पाठिंबा होता. गिंग्रिच यांना मते देणाऱ्यांत नॅन्सी जॉन्सन आणि ऑलिंपिया स्नो यांच्यासारख्या मवाळ सदस्याही होत्या, कारण विचार पटोत न पटोत, हा माणूस पक्षाला बहुमतात नेण्यासाठी काही करतो आहे, एवढे त्यांना दिसत होते.

माध्यमांची चर्चा करताना गिंग्रिच यांच्या ध्वनिफितींकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे. १९८६ मध्ये त्यांनी 'गोपॅक' ही संघटना हाती घेतली आणि तिच्यातर्फे राज्यांच्या विधिमंडळांसाठी लढणाऱ्या, अजून अनोळखी असलेल्या उमेदवारांना प्रशिक्षणाच्या कॅसेट पाठवायला सुरुवात केली. मतदारसंघात तासन्‌तास गाडी चालवणारा उमेदवार त्या ऐकत असे. निधी कसा उभारावा, प्रश्नाला उत्तर कसे द्यावे, मुद्दा कसा मांडावा, हे सारे त्यात असे. यातले अनेक जण काही वर्षांनी प्रतिनिधिगृहात आले तेव्हा एकच भाषा बोलत आले. १९९० मध्ये याच संघटनेने शब्दांची एक यादी वाटली. आपल्याबद्दल बोलताना संधी, धैर्य, सुधारणा असे शब्द वापरावेत आणि प्रतिस्पर्ध्याबद्दल भ्रष्ट, रोगट, देशद्रोही असे, असा तिचा आशय होता. कॅसेटमधल्या प्रशिक्षणाबद्दल मला आदर आहे. त्या यादीबद्दल नाही. विरोधकाला शत्रू ठरवणारी भाषा सर्व पातळ्यांवर एकदम पेरली की उद्या विधेयकासाठी त्याच विरोधकाशी बोलणी करण्याची वाट बंद होते, आणि पुढे तसेच झाले.

घरच्या मतदारसंघातले आकडे आपल्या कार्यालयाने विशेष लक्षात ठेवावेत. देशभर गाजत असलेले गिंग्रिच १९९० मध्ये अवघ्या ९७४ मतांनी वाचले. अटलांटा विमानतळाच्या परिसरात ईस्टर्न एअरलाइन्सचे कर्मचारी मोठ्या संख्येने राहत होते, आणि त्यांच्या संपाच्या काळात आपला प्रतिनिधी आपल्यासाठी काही करत नाही, असे त्यांना वाटत होते. १९९२ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ते शहराच्या उत्तरेकडील नव्या जागेवर गेले, तेव्हा पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत ९८० मतांनी निसटले. त्या वर्षी प्रतिनिधिगृहाच्या बँकेत खात्यात पैसे नसताना धनादेश लिहिण्याचे प्रकरण गाजत होते. ते पेटवण्यात गिंग्रिच यांच्या गोटातले तरुण सदस्य आघाडीवर होते, आणि खुद्द गिंग्रिच यांचेही असे २२ धनादेश निघाले. प्रतोद म्हणून मिळालेली गाडी आणि चालक हाही प्रचाराचा मुद्दा झाला. ज्या निकषावर आपण इतरांना तोलतो, त्याच निकषावर आपली कागदपत्रे आधी तपासून घेण्याचे काम त्यांच्या कार्यालयात कोणी केलेले दिसत नाही. हे काम सहायकाचे असते, लोकप्रतिनिधीचे नव्हे.

ऑक्टोबर १९९० मध्ये अध्यक्ष बुश यांनी नवे कर न लादण्याचे आपले वचन मोडून डेमोक्रॅटांशी अंदाजपत्रकाचा समझोता केला, तेव्हा प्रतोद असूनही गिंग्रिच यांनी आपल्याच अध्यक्षाविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि तो समझोता सभागृहात २५४ विरुद्ध १७९ मतांनी पडला. १९८७ मध्ये वाहिन्यांना दोन्ही बाजू मांडायला लावणारा नियम रद्द झाल्यानंतर रश लिंबॉ यांच्यासारख्या पुराणमतवादी निवेदकांचे रेडिओवरील राजकीय कार्यक्रम झपाट्याने वाढले होते. आपल्या पक्षाच्या नेत्यालाही न जुमानणारा गिंग्रिच हा त्या श्रोत्यांचा माणूस झाला.

२७ सप्टेंबर १९९४ रोजी कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसद भवनाच्या, पायऱ्यांवर तीनशेहून अधिक रिपब्लिकन उमेदवारांनी 'कॉन्ट्रॅक्ट विथ अमेरिका' या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. बहुमत मिळाल्यास पहिल्या १०० दिवसांत दहा विधेयके मतदानाला आणू, असे त्यात आश्वासन होते. विधेयके मंजूर करू असे म्हटलेले नव्हते. मतदानाला आणू असे म्हटले होते, म्हणजे आपल्या हाती आहे तेवढेच वचन दिले होते. गर्भपात आणि शाळांतील प्रार्थना हे पक्षात फूट पाडणारे विषय मुद्दाम वगळले होते. पायऱ्यांचे दृश्य वाहिन्यांसाठी होते आणि मजकुराचे पान मोठ्या खपाच्या 'टीव्ही गाइड' साप्ताहिकात जाहिरात म्हणून दिले होते. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाने ५४ जागा अधिक मिळवल्या, सभापती टॉम फोली आपल्याच मतदारसंघात पराभूत झाले आणि चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृहाची सत्ता बदलली. ठरल्याप्रमाणे दहाही विषय मतदानाला आले आणि सदस्यांच्या कार्यकाळावर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती सोडून सर्व सभागृहात मंजूर झाले. वचन मोजता येण्यासारखे, मुदतीचे आणि आपल्या अधिकारातले असावे, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

इथून उतार सुरू झाला. १९९५ च्या जानेवारीत सभापती होताच गिंग्रिच यांनी सभापतींची दैनंदिन पत्रकार परिषद दूरचित्रवाणीसाठी खुली केली. विरोधी बाकावर असताना दिवसातून दहा कल्पना फेकल्या, तर त्यातली एक चमकदार निघाली तरी पुरत असे. सभापतीची प्रत्येक कल्पना मात्र सरकारी धोरणाचा इशारा समजली जाते आणि नऊ फसलेल्या कल्पनांचा जाब विचारला जातो. काही महिन्यांतच ती परिषद बंद करावी लागली. पदभार घेण्यापूर्वीच एका प्रकाशकाने त्यांना देऊ केलेल्या ४५ लाख डॉलरच्या आगाऊ मानधनावरून गदारोळ झाला होता आणि त्यांना ती रक्कम नाकारावी लागली होती. पुस्तकाच्या मानधनावरून राइट यांना खाली खेचणाऱ्या माणसाने हा करार सुरुवातीला स्वीकारलाच कसा, हे आजही समजत नाही.

आणि मग नोव्हेंबर १९९५. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीसाठी अध्यक्ष क्लिंटन यांच्या विमानातून गिंग्रिच आणि सिनेटमधले नेते बॉब डोल जेरुसलेमला गेले होते. अंदाजपत्रकावरून कोंडी झालेली होती, आणि १४ नोव्हेंबरला निधीअभावी सरकारी कार्यालये बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वार्ताहरांच्या न्याहारीच्या बैठकीत गिंग्रिच यांनी सांगितले की, एवढ्या लांबच्या प्रवासात अध्यक्ष आमच्याशी अंदाजपत्रकाविषयी बोलले नाहीत, उतरताना आम्हाला मागच्या दाराने उतरवले, आणि आम्ही अधिक कडक विधेयक पाठवले त्यामागे हेही एक कारण होते. हे क्षुद्र वाटेल पण मानवी आहे, अशी पुस्तीही त्यांनीच जोडली. १६ नोव्हेंबरच्या 'न्यूयॉर्क डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर लंगोट लावून, हातात दुधाची बाटली घेऊन आकांत करणारे गिंग्रिच आणि वर 'क्राय बेबी' हे प्रचंड अक्षरांतले शीर्षक होते. डेमोक्रॅट सदस्यांनी त्या पानाची मोठी प्रत सभागृहात आणली, आणि ती हटवण्यासाठी सभागृहाला मतदान घ्यावे लागले. व्हाइट हाउसने विमानात क्लिंटन, डोल आणि गिंग्रिच एकत्र बसून बोलत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. लाखो कर्मचारी घरी बसले होते ते खर्चाच्या तत्त्वावरून, असे रिपब्लिकन पक्ष सांगत होता. ते सारे त्या एका पानाखाली गेले. डिसेंबर-जानेवारीतली दुसरी टाळेबंदी २१ दिवस चालली आणि तिचा दोषही लोकांनी प्रामुख्याने रिपब्लिकनांनाच दिला.

ओनील यांच्या रागाचा उपयोग करून जो माणूस मोठा झाला, त्याचाच राग आता प्रतिपक्षाच्या उपयोगी पडत होता. त्यांचे तंत्र वर कोणी बलिष्ठ आहे आणि तो चिडेल या गृहीतावर उभे होते. सत्ता स्वतःकडे आल्यावर ते गृहीत उलटले, आणि पर्यायी पद्धत त्यांनी तयार ठेवलेली नव्हती. पुढचे थोडक्यात सांगता येईल. एका महाविद्यालयीन अभ्यासक्रमासाठी करमुक्त देणग्यांचा राजकीय वापर आणि नीतिसमितीला दिलेली चुकीची माहिती यावरून २१ जानेवारी १९९७ रोजी सभागृहाने ३९५ विरुद्ध २८ मतांनी त्यांच्यावर ठपका ठेवला आणि ३ लाख डॉलर भरायला लावले; सभापतीवर अशी वेळ प्रथमच आली होती. त्याच वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना हटवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १९९८ च्या निवडणुकीत क्लिंटन यांच्या महाभियोगाचा विषय तापवूनही पक्षाच्या पाच जागा कमी झाल्या आणि काही दिवसांत गिंग्रिच यांनी पद सोडण्याची घोषणा केली. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ते पुन्हा उतरले, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या चर्चेत सूत्रसंचालकाने खासगी आयुष्याविषयी पहिला प्रश्न विचारताच त्यांनी माध्यमांवरच हल्ला चढवला, प्रेक्षक उभे राहिले आणि दोन दिवसांनी ते राज्य त्यांनी जिंकले. उमेदवारी मात्र मिळाली नाही.

आता आपल्या आमदारांविषयी. तीन फरक आधी ध्यानात घ्यावेत. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेशाविरुद्ध मतदान केले तर सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे १९९० मध्ये गिंग्रिच यांनी केले तसे इथे करता येत नाही. दुसरे, आपल्या विधानसभेत एखाद्याचे नाव घेऊन आरोप करायचा तर नियम ३५ ची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि न दिल्यास ते शब्द कामकाजातून काढून टाकले जातात. काढून टाकलेला भाग प्रसिद्ध करणे हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो, हे पाटण्याच्या 'सर्चलाइट' दैनिकाच्या प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालेले आहे. तिसरे, सभागृहातल्या भाषणाला अनुच्छेद १९४ चे संरक्षण आहे आणि कामकाजाच्या सारतः खऱ्या, द्वेषबुद्धी नसलेल्या वृत्ताला अनुच्छेद ३६१-क चे. अर्ध्या वाक्यावर कापून, वर संगीत घालून भ्रमणध्वनीवर फिरवलेल्या चित्रफितीला ते संरक्षण मिळेल असे कोणीही गृहीत धरू नये. आमच्या कामात हल्ली सर्वाधिक धोका याच ठिकाणी आहे.

घेण्यासारखे बरेच आहे. लक्षवेधी सूचना मिळाली नाही म्हणून हताश न होता, कामकाज संपता संपता येणारी अर्धा तास चर्चा मागावी. तिथे गर्दी नसते, पत्रकार कक्षही बहुधा रिकामा असतो, पण उत्तर द्यायला मंत्री हजर असतात, आणि गिंग्रिच यांच्या रिकाम्या सभागृहापेक्षा ही स्थिती नैतिकदृष्ट्याही फार बरी आहे. विषय एकच धरावा, उदाहरणार्थ तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयातली रिक्त पदे, आणि त्यावरची जिल्हा दैनिकांतली कात्रणे, माहिती अधिकारातली उत्तरे, आधीच्या तारांकित प्रश्नाचे उत्तर अशी फाइल वाढवत न्यावी. ती प्रथम जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराला द्यावी. मुंबईच्या वाहिन्यांना नंतर. भाषणात मंत्र्यांच्या हेतूंबद्दल बोलू नये, त्यांनी मागे दिलेल्या तारखांबद्दल बोलावे. मंत्र्यांनी उत्तरात 'तपासून घेऊ' किंवा 'तीन महिन्यांत भरू' असे काही म्हटले, तर त्याच संध्याकाळी कामकाजाच्या असंपादित प्रतीतून ते वाक्य शब्दशः उतरवून ठेवावे, अधिवेशन संपल्यावर आश्वासन समितीकडे त्याची नोंद झाली आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर समितीला लेखी कळवावे. पुढच्या अधिवेशनातले पहिले निवेदन त्या कागदावरून तयार होते.